क्षयाचे निदान : कुटुंबवैद्याची जबाबदारी

राजयक्ष्मा हा व्याधी आयुर्वेदाला परका नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात शोषाचे निदान व चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायात राजयक्ष्म्याची चिकित्सा विस्ताराने आली आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात त्यासाठी स्वतंत्र अध्याय योजिला, तर वाग्भट आणि माधवकर यांनीही त्याचा सविस्तर परामर्श घेतला. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे तसेच त्रिरूप, षड्रूप व एकादशरूप हे लक्षणसमूह आपल्यापैकी कोणालाही केव्हाही विचारले तरी सांगता येतील. असे असूनही, प्रत्यक्ष चिकित्सालयात समोर बसलेला क्षयरुग्ण आपल्याकडून वेळेवर ओळखला जातो काय, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. त्याची कारणे शोधणे आणि त्यावर आपल्या हाती असलेला उपाय मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. राजयक्ष्मा म्हणजे तंतोतंत ट्यूबरक्युलोसिस, असे समीकरण मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. राजयक्ष्म्याची व्याप्ती धातुक्षयाच्या अंगाने अधिक मोठी आहे. उलट क्षयजंतूंमुळे होणारे काही विकार ग्रंथी, गंडमाळा, अस्थिगत व्याधी अशा अन्य प्रकरणांत शोधावे लागतात. तथापि आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांना राजयक्ष्म्याचे निदान लागू पडेल, त्यांच्यात क्षयजंतूंचा शोध घेतल्यावाचून पुढे जाणे आज कोणत्याही वैद्याला परवडणारे नाही. या लेखात ‘क्षय’ हा शब्द त्या जंतुजन्य विकारासाठीच वापरला आहे.

औषध आहे, उणीव ओळखीची

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉक यांनी क्षयजंतूच्या शोधाची घोषणा केली. त्यानंतर पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, वैद्यकाची पदवी घेऊन अमेरिकेहून परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी वयाच्या एकविसाव्या वर्षी पुण्यात क्षयानेच निवर्तल्या. त्या काळी रोग ओळखता येत होता, त्याचा जंतूही ज्ञात होता. परंतु जंतूवर चालणारे औषध जगात कोणाहीपाशी नव्हते. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले आणि त्यानंतरच्या दशकात रिफाम्पिसिन उपलब्ध झाले. रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरी औषधे दिली तरी गुण तितकाच येतो, हे १९५९ साली मद्रास येथील क्षयरोग रसायनोपचार केंद्राने दाखवून दिले आणि जगाची उपचारपद्धती त्यामुळे बदलली. औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी आज सहा महिन्यांचा उपचार पुरतो आणि तो शासनाकडून विनामूल्य मिळतो.

म्हणजे परिस्थिती आता उलट झाली आहे. औषध आहे, ते घरापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा आहे. उणीव आहे ती रोग वेळेवर ओळखण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना नव्याने क्षय होत असे. २०२४ साली हे प्रमाण १८७ वर आले. घट निश्चितच झाली आहे. परंतु जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक अजूनही भारतीय आहे, आणि क्षयमुक्तीसाठी देशाने २०२५ हे जे वर्ष निश्चित केले होते, त्या उद्दिष्टापासून आपण दूरच राहिलो. या अंतरातील काही वाटा आपल्या चिकित्सालयांचाही आहे, हे मान्य करण्यात कमीपणा मानू नये.

विलंब कोठे होतो

भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार लक्षणे सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत मध्यमानाने सुमारे ५५ दिवस जातात. यातील १८ दिवस रुग्ण वैद्याकडे जाण्यापूर्वीच गमावतो. परंतु रुग्ण प्रथम वैद्यापर्यंत पोहोचल्यानंतर निदान होईपर्यंत आणखी सुमारे ३१ दिवस जातात. निदान झाल्यावर मात्र उपचार सुरू होण्यास अडीच दिवस पुरतात. या काळात रुग्ण सरासरी दोन ते तीन चिकित्सकांची दारे ठोठावतो. ‘लोक उशिरा येतात’ असे आपण नेहमी म्हणतो. हे आकडे सांगतात की लोक उशिरा येतात खरे. पण आल्यानंतर होणारा उशीर त्याहून मोठा आहे.

हा उशीर कसा होतो, हे पाहण्यासाठी प्रशिक्षित व्यक्तींना क्षयाची लक्षणे सांगणारे रुग्ण म्हणून खाजगी चिकित्सकांकडे पाठवून काही पाहण्या करण्यात आल्या. दिल्लीतील पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, अशा २५० भेटींपैकी केवळ ५२ भेटींमध्ये योग्य ती कार्यवाही झाली. मुंबई व पाटणा येथील अधिक मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. तेथेही हे प्रमाण शेकडा ३५ च्या आसपासच होते. या चिकित्सकांत आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते, तसेच आपल्या शाखेचेही होते. हा दोष एकट्या आयुर्वेदाचा आहे असे म्हणण्यास आधार नाही. तो आपला नाहीच, असे म्हणण्यासही नाही. आधुनिक पदवीधरांची कामगिरी तुलनेने बरी होती, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

सर्वसाधारणपणे घडते ते असे. महिनाभर खोकणारा कामगार वा गृहिणी आपल्याकडे येते. नाडी, जिव्हा व छाती पाहून पाच दिवसांचे औषध दिले जाते. थोडा उतार पडतो. दहा दिवसांनी पुन्हा तक्रार सुरू होते. औषध बदलले जाते. तिसऱ्या भेटीत रुग्ण येतच नाही, कारण तो पुढच्या चौकातील दवाखान्यात गेलेला असतो. तेथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. प्रत्येक वैद्याच्या दृष्टीने खोकला आठ-दहा दिवसांचाच असतो. एकंदर दोन महिने कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. मधल्या काळात त्याच्या घरातील मुले, शेजारी आणि कामावरचे सोबती तीच हवा घेत असतात. जंतू बाहेर टाकणारा एक अनुपचारित रुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असे मानले जाते.

ग्रंथातील चित्र आणि समोरचा रुग्ण

आपल्याकडून रोग निसटण्याचे पहिले कारण आपल्या अध्ययनातच दडलेले आहे. राजयक्ष्मा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो एकादशरूपी रुग्ण : अस्थिपंजर झालेला, स्वरभेद असलेला, रक्तष्ठीवन करणारा, अन्नावरून मन उडालेला. परंतु हे रूप व्याधी बळावल्यानंतरचे आहे. ज्या रुग्णाकडे पाहताक्षणी वाटेवरचा माणूसही क्षयाचे नाव घेईल, त्याच्यासाठी वैद्याची आवश्यकता ती काय?

वस्तुतः शास्त्रकारांनी आपल्याला याहून पुष्कळ आधी सावध केले आहे. पूर्वरूपांत वारंवार होणारा प्रतिश्याय, दौर्बल्य आणि विशेषतः आहार घेत असूनही बल व मांस घटत जाणे, यांचा उल्लेख आहे. त्रिरूपात अंस व पार्श्व यांच्या ठिकाणी पीडा, हातापायांचा दाह आणि सर्वांगगत ज्वर, एवढीच लक्षणे आहेत. प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय, अशी एका व्याधीतून दुसऱ्या व्याधीची परंपराही चरकांनी निदानस्थानात सांगितली आहे. आपल्या चिकित्सालयात दररोज येणारा ‘जुनी सर्दी’, ‘अशक्तपणा’ किंवा ‘संध्याकाळची कणकण’ सांगणारा रुग्ण हा नेमका त्या परंपरेतील पहिल्या पायऱ्यांवर उभा असू शकतो. परीक्षेसाठी पाठ केलेली पूर्वरूपे व्यवसायात मात्र आपण प्रतिश्याय, पांडुता, अग्निमांद्य अशा सुट्या नावांखाली निकालात काढतो.

दुसरी गोष्ट सुश्रुतांची. कुष्ठनिदानात त्यांनी ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांची गणना कुष्ठासोबत एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे संक्रमण पावणाऱ्या औपसर्गिक रोगांत केली आहे. हा उल्लेख आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. अभिमान योग्यच आहे. पण त्याचे व्यावहारिक फलित असे, की शोषाची शंका आलेल्या रुग्णाच्या घरातील इतरांची विचारपूस करणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. किती केसपेपरांवर ‘घरात आणखी कोणास खोकला आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असते?

गुण येतो म्हणून होणारी दिशाभूल

रोग निसटण्याचे दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. आपली औषधे निरुपयोगी असतात म्हणून नव्हे, तर ती लक्षणांवर उपयोगी पडतात म्हणून निदान लांबते. सितोपलादि, तालीसादि, वासावलेह यांनी खोकल्याला उतार पडतो, कफ सुटतो, झोप लागते. वासातील वासिसीन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे आधुनिक औषध तयार झाले, हे सर्वज्ञात आहे. ज्वरघ्न कल्पांनी कणकण कमी होते. च्यवनप्राश किंवा एखाद्या रसायनाने तरतरी वाटते. रुग्ण म्हणतो ‘बरे वाटते’, आणि आपण उपशय मिळाला असे समजतो. परंतु क्षय हा मुळातच चढउतारांनी पुढे सरकणारा रोग आहे. लक्षणांचा उपशय हा क्षय नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

आपल्यापैकी जे व्यावसायिक आधुनिक औषधेही वापरतात, त्यांच्याबाबतीत धोका आणखी मोठा आहे. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन गटातील प्रतिजैविके क्षयजंतूंवरही काही अंशी कार्य करतात. छातीच्या साध्या संसर्गासाठी म्हणून ती दिली की क्षयरुग्णाला तात्पुरता आराम वाटतो, थुंकीतील जंतू काही काळ दिसेनासे होतात आणि निदान पुढे ढकलले जाते. शिवाय हीच औषधे प्रतिरोधी क्षयाच्या उपचारात लागतात. ती वृथा वापरल्याने जंतू त्यांनाही सरावतात. स्टेरॉइडची इंजेक्शने व गोळ्या यांची कथा याहून वाईट आहे. त्यांनी ताप उतरतो, भूक लागते, रुग्ण खूष होतो. आणि आत रोग मोकाट पसरतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या रुग्णाला थुंकी तपासल्याशिवाय या दोहोंपैकी काहीही देऊ नये.

फुफ्फुसाबाहेरचा क्षय

क्षय म्हणजे खोकला, एवढेच समीकरण धरणेही घातक आहे. आयुर्वेदीय चिकित्सालयाला याची जाणीव विशेष असावयास हवी, कारण फुफ्फुसाबाहेरील क्षयाचे रुग्ण दीर्घकालीन दुखण्याचे म्हणून प्रायः आपल्याकडेच वळतात.

याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पाठीच्या मणक्याचा क्षय हे होय. कटिशूलाच्या रुग्णांना अभ्यंग, कटिबस्ती, पत्रपोट्टली स्वेद व बस्तिक्रम देणे हा आपल्या व्यवसायाचा मोठा भाग झाला आहे. त्यातील बहुसंख्यांचा विकार वातज किंवा मणक्यांच्या झिजेचाच असतो, हे खरे. परंतु ज्या तरुण रुग्णाची पाठदुखी आठवडेच्या आठवडे वाढतच जाते, रात्री विश्रांतीतही थांबत नाही, एका विशिष्ट मणक्यावर दाबताच कळ येते आणि सोबत बारीक ताप वा वजनातील घट आहे, त्याला तेलाच्या मेजावर घेण्यापूर्वी क्ष-किरण चित्र आणि आवश्यक तर एमआरआय करून घेणे अनिवार्य आहे. पोखरलेल्या मणक्यावर मर्दन वा ताण दिल्यास काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. पायांतील बळ कमी झाल्यावर कळलेले निदान रुग्णाला पंगुत्वापासून वाचवेलच असे नाही.

मानेतील न दुखणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या गाठी. पार्श्वशूलासह दम लागून फुफ्फुसावरणात साठणारे पाणी. ग्रहणी म्हणून महिनोन्महिने चाललेले पोटदुखी, अतिसार व कृशता. वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या स्त्रीमधील गर्भाशय व बीजवाहिन्यांचा क्षय. लहान मुलाचे न वाढणारे वजन. आणि मोठ्यांत वा मुलांत डोकेदुखी, ताप व वागण्यातील बदलाने सुरू होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय, या सर्वांचे नाव निदान शंकेच्या यादीत तरी असावे. यांपैकी शेवटच्या प्रकारात तर एका आठवड्याचा विलंबही जीवघेणा ठरू शकतो.

काही आक्षेप

हा विषय निघाला की व्यावसायिक बंधूंकडून काही आक्षेप हमखास येतात. त्यांचा विचार मोकळेपणाने करावयास हवा.

पहिला आक्षेप व्यवसायाचा आहे : ‘थुंकी तपासायला पाठवले की रुग्ण परत येत नाही.’ ही भीती निराधार नाही. दवाखान्याचे भाडे द्यावे लागणाऱ्याला ती अधिक जाणवते. परंतु न पाठवलेला रुग्ण तरी कोठे टिकतो? तो गुण न आल्याने तिसऱ्या आठवड्यात अन्यत्र जातोच, आणि तेथे निदान झाल्यावर ‘आमच्या डॉक्टरांना समजले नाही’ हे वाक्य गल्लीभर पसरते. ज्या वैद्याने पहिल्यांदा शंका घेतली, त्याच्याकडे मात्र ते घर पुढे पिढ्यान्‌पिढ्या येते. शिवाय खाजगी चिकित्सकाने क्षयरुग्णाची नोंद केल्यास पाचशे रुपये आणि उपचाराचा परिणाम कळवल्यास आणखी पाचशे रुपये मानधन देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. रक्कम लहान आहे. परंतु खाजगी वैद्याला कार्यक्रमाचा भागीदार मानल्याची ती खूण आहे.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे : ‘टीबीचे नाव काढले की घरात खळबळ माजते, मुलीचे लग्न अडते.’ ही वस्तुस्थिती आहे. पण शंका म्हणजे निदान नव्हे, हे शांतपणे सांगता येते. ‘खोकला लांबला आहे, एकदा बेडका तपासून घेऊ, काही नसेल तर दोघांचीही काळजी मिटेल’, असे कुटुंबाला अनेक वर्षे ओळखणाऱ्या वैद्याने म्हटले, तर त्याचा अर्थ परक्या तज्ज्ञाच्या तोंडच्या वाक्यापेक्षा वेगळा होतो. कुटुंबवैद्याची खरी शक्ती येथेच आहे.

तिसरा आक्षेप शास्त्राभिमानाचा आहे : ‘आमच्या संहितांत राजयक्ष्म्याची चिकित्सा आहे, मग आम्ही रुग्ण का सोडावा?’ याचे उत्तर नम्रपणे परंतु स्पष्टपणे द्यावयास हवे. क्षयजंतूंचा नाश करून रोग निर्मूळ करण्याचे सामर्थ्य सिद्ध झाले आहे ते आधुनिक क्षयविरोधी औषधांच्या योजनेचे. तिला पर्याय म्हणून केवळ आयुर्वेदीय कल्पांवर रुग्णाला ठेवणे हा रुग्णावर आणि शास्त्रावरही अन्याय आहे. साध्यासाध्य विचार करून वेळीच योग्य हाती रुग्ण सोपवणे ही पराभवाची खूण नाही. संहितांनीच शल्यसाध्य व्याधीत चिकित्सकाला धन्वंतरी संप्रदायाकडे बोट दाखवले आहे.

याच अनुषंगाने क्षयविरोधी औषधे स्वतः लिहिण्याविषयीही दोन शब्द. मुंबईच्या झोपडपट्टी भागातील सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० साली धारावीतील १०६ डॉक्टरांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात योजना ६३ निघाल्या आणि बिनचूक चिठ्ठी केवळ ६ जणांची होती. चुकीची मात्रा व अपुरा काळ यांतून प्रतिरोधी क्षय निर्माण होतो. म्हणून ओळखावे आपण, उपचाराची आखणी करावी कार्यक्रमाने, आणि रुग्णाला शेवटपर्यंत सांभाळावे दोघांनी मिळून, हीच विभागणी हितावह आहे.

काय करावे

वरील विवेचनावरून प्रत्येक चिकित्सालयात अमलात आणता येतील अशा काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१. खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला ‘किती दिवस?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर केसपेपरवर आकड्यात लिहावे. आपल्याकडे येण्यापूर्वी अन्यत्र घेतलेल्या उपचाराचे दिवसही त्यात धरावेत.

२. दोन आठवडे वा अधिक खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजनातील घट, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असल्यास क्षयाची तपासणी करावी. मधुमेही, धूम्रपान वा मद्यपान करणारे, एचआयव्हीबाधित, स्टेरॉइड घेणारे आणि क्षयरुग्णाच्या घरातील व्यक्ती यांच्याबाबतीत अधिक दक्ष राहावे. मधुमेहात क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. प्रमेहाच्या ज्या रुग्णाची साखर विनाकारण बिघडली व वजन उतरले, त्याचा विचार या दृष्टीनेही व्हावा.

३. थुंकी कशी द्यावी हे रुग्णाला समजावून सांगावे. लाळ नव्हे, खोल खोकून आलेला बेडका हवा. तो मोकळ्या हवेत काढावा. एक नमुना सकाळी उठल्याबरोबरचा असावा. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीपेक्षा जनुकीय तपासणी अधिक संवेदनशील असून तिच्यातून रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात की नाही हेही काही तासांत कळते. यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केलेले आहे. शासकीय केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

४. छातीचे क्ष-किरण चित्र अवश्य काढावे, पण त्यावरच अंतिम निदान करू नये. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळलेल्या क्षयरुग्णांपैकी शेकडा ४२ हून अधिक रुग्ण क्ष-किरण चित्र नसते तर निसटले असते. त्यामुळे चित्राचे महत्त्व मोठे आहे. परंतु चित्रातील छाया क्षयाचीच हे ठरवते ती थुंकी.

५. निरर्थक तपासण्यांवर रुग्णाचा पैसा खर्च करू नये. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याच्या तपासण्यांवर केंद्र शासनाने २०१२ सालीच बंदी घातली आहे. ‘टीबी गोल्ड’ किंवा मांटू चाचणी शरीरात जंतुसंसर्ग झाल्याचे सुचवते; रोग आज चालू आहे की नाही हे सांगत नाही. वाढलेल्या ईएसआरवरून तर काहीच सिद्ध होत नाही.

६. निदान झाल्यास नोंद करावी. क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्यातील कसूर दंडनीय ठरवली आहे. ‘निक्षय’ या प्रणालीवर ही नोंद होते. तिच्यामुळेच रुग्णाला पोषणासाठीचे साहाय्य मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा एक हजार रुपये आहे.

७. चिकित्सालयाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खोकणाऱ्या रुग्णाला तोंडावर रुमाल धरावयास सांगून प्रतीक्षेत न ठेवता आधी पाहावे. आपले साहाय्यक आणि आपण स्वतःही त्याच हवेत दिवसभर बसतो.

निदानानंतर आयुर्वेदाचे स्थान

रुग्ण कार्यक्रमाकडे सोपवल्यावर आपले काम संपते, असे मात्र मुळीच नाही. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत आचार्यांनी बृंहणाला, अग्निरक्षणाला व मांसरसादी पौष्टिक आहाराला जे स्थान दिले, त्याचे महत्त्व आता नव्याने सिद्ध होत आहे. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरातील व्यक्तींना अधिक शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण शेकडा ३९ ने घटले. ज्या रुग्णांचे वजन उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत शेकडा ५ ने वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका शेकडा ६१ ने कमी दिसून आला. वजनाचा काटा हे आपल्या चिकित्सालयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे उपकरण आहे. क्षयरुग्णाचे वजन दर पंधरा दिवसांनी घेऊन लिहिणे, त्याच्या अग्नीनुसार दूध, अंडी, डाळी, मांसरस, तूप यांची योजना करणे आणि ‘गरम पडते’ म्हणून सोडून दिलेल्या गोळ्या पुन्हा सुरू होतील असे पाहणे, ही कामे कुटुंबवैद्याइतकी चांगली कोणीही करू शकणार नाही. उलट्या, कावीळ, दृष्टिमांद्य अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित उपचारकेंद्राशी संपर्क साधावा. सोबत आयुर्वेदीय औषध द्यावयाचे असल्यास ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या माहितीने द्यावे, आणि यकृतावर भार पडेल असे कल्प टाळावेत.

अखेरीस एक सूचना. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना एका मासिक सभेस निमंत्रित करावे, जवळच्या तपासणी केंद्राचा पत्ता व वेळ सभासदांना छापील स्वरूपात द्यावी, आणि सर्वांनी मिळून एक साधा नियम स्वीकारावा : खोकल्याच्या रुग्णाला थुंकीचा अहवाल पाहिल्याशिवाय तिसरी चिठ्ठी लिहावयाची नाही. यासाठी ना नवीन पदवी लागते, ना यंत्रसामग्री, ना अनुदान. वर्षअखेरीस किती रुग्ण तपासणीस पाठवले आणि त्यांत किती क्षयाचे निघाले, याचा हिशेब प्रत्येक शाखेने या त्रैमासिकाकडे पाठवावा. शंभर रुग्ण पाठवून पाच-सात जणांतच क्षय आढळला, तर उरलेल्यांना उगाच पाठवले असे कोणी मानू नये. त्या पाच-सात जणांच्या घरातील मुले हाच त्या श्रमाचा खरा हिशेब आहे.